गुस्ताव्ह ल ग्रे

गुस्ताव्ह ल ग्रे (जन्म: ३० ऑगस्ट १८२०, व्हिलिए-ल-बेल, फ्रान्स, मृत्यू: जुलै १८८४, कैरो, इजिप्त) हे एकोणिसाव्या शतकातील फ्रेंच छायाचित्रकार होते. मेणकागदी निगेटिव्हचा शोध आणि दोन निगेटिव्ह जोडून तयार केलेली सागरचित्रे यांसाठी ते ओळखले जातात. आजच्या हाय डायनॅमिक रेंज (एचडीआर) छायाचित्रणामागील मूळ कल्पनेचे ते आद्य प्रयोगकर्ते मानले जातात.

पूर्वायुष्य

ल ग्रे यांनी पॅरिसमध्ये पॉल देलारोश यांच्याकडे चित्रकलेचे शिक्षण घेतले. त्यानंतर ते काही वर्षे इटलीत राहिले. रोममध्ये १८४४ साली त्यांचा विवाह झाला. १८४७ च्या सुमारास पॅरिसला परतल्यावर ते छायाचित्रणाकडे वळले. शार्ल नेग्र, आंरी ल सेक आणि लेखक माक्सिम द्यु कां हे त्यांच्या शिष्यांपैकी होत.

मेणकागदी निगेटिव्ह

ल ग्रे यांनी १८५१ साली आपली मेणकागदी पद्धती प्रसिद्ध केली. रसायन लावण्यापूर्वीच कागदास मेण दिल्यामुळे तो अधिक पारदर्शक होई व बारीक तपशील स्पष्ट उमटत. असा कागद काही दिवस आधी तयार करून ठेवता येत असल्याने प्रवासात ही पद्धती सोयीची ठरली. त्याच वर्षी फ्रेंच शासनाने ऐतिहासिक वास्तूंच्या नोंदीसाठी पाच छायाचित्रकारांची नेमणूक केली. त्यांत ल ग्रे यांचा समावेश होता. मात्र या मोहिमेची छायाचित्रे शासनाने त्या काळी प्रसिद्ध केली नाहीत.

सागरचित्रे

तत्कालीन कलोडियन काचा निळ्या प्रकाशाला अतिशय संवेदनशील होत्या. त्यामुळे समुद्र नीट उमटेल इतका वेळ काचेवर प्रकाश पडू दिल्यास आकाश पांढरेफटक होई. ढग टिपण्यासाठी हा वेळ कमी केल्यास समुद्र व किनारा काळवंडत. एकाच काचेवर प्रकाशाचा एवढा मोठा पल्ला सामावत नसे.

ल ग्रे यांनी १८५६ ते १८५८ या काळात नॉर्मंडी व भूमध्य समुद्राच्या किनाऱ्यांवर काम करताना यावर उपाय योजला. अनेक चित्रांसाठी त्यांनी समुद्राचे आणि आकाशाचे स्वतंत्र निगेटिव्ह घेतले. छपाईच्या वेळी कागदाचा एक भाग झाकून दुसरा उमटवला जाई आणि दोन्ही भाग क्षितिजरेषेवर जुळवले जात. सेत येथील ‘महालाट’ (१८५७) हे याचे प्रसिद्ध उदाहरण आहे. आकाशाचा एकच निगेटिव्ह त्यांनी एकाहून अधिक चित्रांत वापरल्याचेही आढळते. तथापि त्यांचे प्रत्येक सागरचित्र असे जोडलेले नाही. ‘ब्रिग’ (१८५६) हे गाजलेले चित्र एकाच निगेटिव्हवरून छापलेले आहे.

उत्तरायुष्य

सम्राट नेपोलियन तिसरा याच्यासाठी त्यांनी १८५७ साली शालों येथील लष्करी छावणीची छायाचित्रे घेतली. कीर्ती मिळाली तरी व्यवसाय तोट्यात गेला. स्वस्त व्यक्तिचित्रांची मागणी वाढत असताना ते मोठ्या आकाराच्या, वेळखाऊ छपाईलाच चिकटून राहिले. १८६० साली चित्रशाळा बंद झाली. कुटुंबाला मागे ठेवून ते कादंबरीकार अलेक्झांडर ड्यूमा यांच्यासोबत सागरप्रवासास निघाले. पालेर्मो येथे त्यांनी गारिबाल्दी यांचे व युद्धाने उद्ध्वस्त झालेल्या शहराचे चित्रण केले. ड्यूमांशी बिनसल्यावर माल्टा येथे दोघांची ताटातूट झाली. त्यानंतर ते लेबनॉनमार्गे इजिप्तला पोहोचले. कैरो येथे चित्रकला शिकवून त्यांनी निर्वाह केला. ते फ्रान्सला परतले नाहीत.

महत्त्व

आजचे कॅमेरे रॉ स्वरूपात प्रकाशाची अधिक माहिती जपून ठेवतात. वेगवेगळ्या एक्स्पोजरच्या रॉ फाइली एकत्र करून एचडीआर प्रतिमा तयार होते. ल ग्रे यांनी जोडणी एका रेषेवर हाताने केली, तर संगणक ती प्रत्येक बिंदूवर करतो. उजळ व गडद भागांची नोंद स्वतंत्रपणे घेण्याचे तत्त्व मात्र तेच आहे. १९९९ साली लंडनमधील लिलावात ‘महालाट’ची एक प्रत ५,०७,५०० पौंडांना विकली गेली. एका छायाचित्रासाठी तोवर मिळालेली ती सर्वाधिक किंमत होती.