ठासणीची बंदूक आणि साइक्ससाहेब

भिवंडीचं नाव निघालं की लोकांना यंत्रमागांचा खडखडाट आठवतो. मला आणखी एक गोष्ट आठवते. माझ्या लहानपणी तालुक्यातल्या खेड्यांत एखाद्या घरी आढ्याला ठासणीची बंदूक टांगलेली असे, भाताच्या खाचरांत शिरणाऱ्या रानडुकरांसाठी. नळीच्या तोंडातून मोजून दारू ओतायची, वर चिंध्यांचा बोळा घालून गजाने ठासायचा, मग छर्रे, पुन्हा बोळा. शोरा, गंधक आणि कोळशाची ती काळी दारू पावसाळी हवेत दगा देई. बार उडालाच तर पांढरा धूर इतका, की नेम लागला की हुकला हे धूर विरल्यावर कळायचं!

विल्यम हेन्री साइक्सविषयी वाचताना ही बंदूक मला सारखी आठवली. घाटापलीकडच्या दख्खनच्या पक्ष्यांची पहिली शास्त्रीय यादी त्याने केली, आणि त्या काळी पक्षी हातात घेऊन पाहायचा तर दुसरा मार्ग नव्हता. दुर्बिणीवर कुणी विश्वास ठेवला नसता.

साइक्सचा जन्म १७९० सालचा, यॉर्कशायरमधला. मिसरूड फुटायच्या वयात तो कंपनीच्या मुंबई फौजेत आला. १८०५ साली भरतपूरच्या वेढ्यात होता, आणि १८१७ साली खडकीच्या लढाईत पेशव्यांच्या विरुद्ध बाजूला. मराठी माणसाला हे सलतंच. पण लढाई संपल्यावर याच माणसाने आपला मुलूख जितक्या बारकाईने पाहिला, तितका आपल्यापैकी किती जणांनी पाहिला होता? १८२४ साली एल्फिन्स्टनने त्याला दख्खनची सांख्यिकी माहिती गोळा करायला नेमलं. १८२९ साली ते पदच रद्द झालं. दुसरा कुणी घरी गेला असता; साइक्स बिनपगारी काम करत राहिला आणि १८३१ साली काम पुरं करून विलायतेला परतला.

१८३२ साली त्याची पक्ष्यांची यादी छापून आली. त्यात सव्वादोनशेहून अधिक जाती आहेत. मारलेल्या पक्ष्याचं पोट फाडून आत टोळ निघाले की धान्य, हेही तो टिपून ठेवी. इथली नावं त्याने टाकली नाहीत. रानकुत्र्याला मराठे कोळसून म्हणतात हे त्याने नोंदवलं, आणि नदीतल्या माशांच्या लॅटिन नावांत खुद्री, पोटाईल हे शब्द कायमचे बसवले.

त्याच यादीत माळढोक आहे. अमेरिकेत रानटर्कीचं, तसं दख्खनच्या शिकाऱ्यांत माळढोकाचं अप्रूप. नर पंधरा किलोपर्यंत भरतो. उघड्या माळावर तो माणसाला दुरूनच हेरतो आणि ठासणीच्या बंदुकीचे छर्रे जेमतेम चाळीस पावलं काम करतात. म्हणून शिकारी बैलगाडीच्या आडून जात. एक बार फुकट गेला की पुन्हा ठासेपर्यंत पक्षी दिसेनासा व्हायचा. एवढी संथ बंदूक, तिने काय बिघडणार असं वाटेल. पण साइक्सने लिहून ठेवलंय, की एका गृहस्थाने हजारभर माळढोक मारले. मॅन्सफिल्ड नावाच्या शिकाऱ्याने १८०९ ते १८२९ या काळात अहमदनगर भागात ९६१ टिपल्याची नोंद आहे. तो हाच असावा. हिशेब केला तर वीस वर्षं जवळजवळ आठवड्याला एक!

पुढे साइक्स कंपनीचा डायरेक्टर झाला, अध्यक्ष झाला, १८५७ पासून ॲबर्डीनचा खासदार. १८७२ साली तो वारला. त्याच्या हयातीतच मागून भरायच्या बंदुका आल्या आणि ठासणीची मागे पडली.

१९७९ साली सोलापूर आणि अहमदनगर जिल्ह्यांत माळढोक अभयारण्य झालं. आज देशभरात मिळून जेमतेम दीडशे माळढोक उरले असतील. त्यांतले बहुतेक राजस्थानात. महाराष्ट्रात एखादा दिसला तर बातमी होते. मादी बहुधा वर्षाला एकच अंडं घालते, तेही उघड्या जमिनीवर.