न्यायमूर्ती काशिनाथ त्रिंबक तेलंग

भद्रावतीपासून हिंगणघाटपर्यंतच्या काळ्या जमिनीत कापूस पिकविणाऱ्या आपल्या ज्ञातिबांधवांस भाव आणि जकात हे शब्द नवे नाहीत. परंतु परदेशी मालावर जकात असावी की नसावी, या प्रश्नाचा हिंदी लोकांच्या बाजूने शास्त्रशुद्ध विचार आरंभी मांडणाऱ्यांत एक तरुण मराठी कायदेपंडित होता, हे थोड्यांसच ठाऊक असेल. त्या थोर पुरुषाचे अल्पचरित्र आम्ही येथे सादर करीत आहोत.

तेलंगांचा जन्म ऑगस्ट १८५० मध्ये झाला. मुंबईस एल्फिन्स्टन विद्यालयात शिकून ते एम.ए., एलएल.बी. झाले आणि १८७२ साली उच्च न्यायालयात वकिली करू लागले. संस्कृत व हिंदू धर्मशास्त्र यांवरील प्रभुत्वामुळे त्यांचा लौकिक लवकरच वाढला.

१८७७ साली नागपुरास एम्प्रेस मिल सुरू झाली. विलायती कापडावरील पाच टक्के जकात उठवावी, असा मँचेस्टरच्या गिरणीवाल्यांचा तेव्हा आग्रह होता. त्याच वर्षी तेलंगांनी मुक्त व्यापार व संरक्षण या विषयावर इंग्रजीत विवेचन केले. बलाढ्य व बाल्यावस्थेतील उद्योगांस एकच नियम लावणे न्याय्य नव्हे. नव्या धंद्यास काही काळ सरकारचा आधार हवा, असा त्यांचा युक्तिवाद होता. तो मानला गेला नाही. १८८२ साली जकात उठली. पुढे १८९६ साली देशी गिरण्यांच्या कापडावर साडेतीन टक्के कर आला. संरक्षणाचा विचार करणारे जकात मंडळ १९२३ साली स्थापन झाले, तेव्हा तेलंगांस जाऊन तीस वर्षे लोटली होती.

१८८२ साली त्यांचे भगवद्गीतेचे इंग्रजी गद्य भाषांतर प्रसिद्ध झाले. १८८५ साली राष्ट्रसभेच्या उभारणीत त्यांनी भाग घेतला. १८८९ साली ते न्यायमूर्ती व १८९२ साली मुंबई विद्यापीठाचे पहिले हिंदी कुलगुरू झाले. १ सप्टेंबर १८९३ रोजी, अवघ्या त्रेचाळिसाव्या वर्षी, त्यांचा अंत झाला.

एक गोष्ट लपविणे आम्हांस उचित वाटत नाही. सामाजिक सुधारणेचा पुरस्कार करणाऱ्या तेलंगांनी स्वतःच्या कन्येचा विवाह मात्र बालवयातच केला, आणि त्याबद्दल त्यांच्यावर कठोर टीका झाली. सरकारपुढे निर्भयपणे बोलणे एक वेळ सोपे. घरच्या रूढीपुढे उभे राहणे कठीण! ज्ञातीतील तरुणांनी तेलंगांची विद्वत्ता अवश्य घ्यावी, आणि जेथे त्यांचे पाऊल अडले, तेथे आपले पुढे टाकावे, हीच आमची प्रार्थना.