अर्थमंत्र्यांची डिग्री कोणती?

आरोग्यमंत्री डॉक्टरच हवा, अर्थमंत्री इकॉनॉमिक्सवालाच हवा, असं कँटीनमध्ये तुम्हीही कधीतरी ठासून म्हटलं असेल ना? मग सी. डी. देशमुखांना भेटाच.

जन्म १८९६ चा, महाडजवळच्या नाते गावातला. १९१२ मध्ये मॅट्रिकला पहिले आले. केंब्रिजला जाऊन शिकले काय, तर वनस्पतिशास्त्र, रसायनशास्त्र आणि भूगर्भशास्त्र! पुढे आयसीएस झाले. मध्य प्रांतात महसूल आणि अर्थखात्यात काम करता करता सरकारी पैशाचं गणित शिकले. १९४३ मध्ये रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर झाले, १९५० मध्ये देशाचे अर्थमंत्री. १९५५ मध्ये स्टेट बँक उभी राहिली ती त्यांच्याच काळात.

म्हणजे तज्ज्ञ तर ते होतेच, पण कामातून झालेले. आणि १९५६ मध्ये? मुंबई महाराष्ट्राला न देता केंद्रशासित करायचं ठरत होतं, तेव्हा त्यांनी मंत्रिपद सोडलं. तिथे अर्थशास्त्राचा प्रश्नच नव्हता. कुलाब्याच्या लोकांनी निवडून दिलेला खासदार बोलत होता.

तेव्हा पुढच्या वेळी मंत्र्यांची डिग्री जरूर शोधा. पण आधी त्यांनी काय काम केलंय आणि लोकांसाठी ते खुर्ची सोडतील का, हेही विचारा.