शिक्षक घडविणारा शिक्षक

पदकविजेत्याचे नाव देश लक्षात ठेवतो. त्याच्या हाती प्रथम गोळा वा भाला देणाऱ्या शिक्षकाचे क्वचितच. त्या शिक्षकाला ज्याने घडविले, तो तर विस्मृतीतच जातो. हॅरी क्रो बक हे अशांपैकी एक.

वायएमसीएचे हे अमेरिकन कार्यकर्ते १९१९ साली मद्रासला आले. शाळांतील व्यायाम तेव्हा बहुधा कवायतीपुरता होता आणि ती घेणारे अनेकदा निवृत्त शिपाई असत. मैदानी खेळ शास्त्रशुद्ध शिकवायचे तर आधी शिक्षक हवेत, हे ओळखून बक यांनी १९२० मध्ये मद्रासेत शारीरिक शिक्षणाची प्रशिक्षणसंस्था काढली. १९२४ च्या पॅरिस ऑलिंपिकला ते भारतीय संघाचे व्यवस्थापक म्हणून गेले. प्रांतोप्रांती ऑलिंपिक संघटना उभ्या राहाव्यात यासाठीही ते झटले. १९२७ मध्ये दोराबजी टाटांच्या अध्यक्षतेखाली स्थापन झालेल्या भारतीय ऑलिंपिक संघटनेमागे ही पायाभरणी होती.

पॅरिसहून संघ पदकाविना परतला. १९४३ मध्ये बक निवर्तले. त्यांचे महाविद्यालय आजही चेन्नईत शिक्षक घडवीत आहे. क्रीडाधोरणाचे यश पदकतक्त्यावरून मोजणाऱ्यांनी शाळांतील क्रीडाशिक्षकांची रिक्त पदेही मोजावीत. पदकांचा हिशेब तेथूनच सुरू होतो.