संत नामदेव : नर्सीचे, पंढरीचे आणि पंजाबचेही

शिक्षक मित्रांनो, पालकांनो, संत नामदेव शिकवताना मुलं चित्रावर बोट ठेवून हमखास विचारतात की ते खरंच असे दिसायचे का. त्यांना आधी चरित्र सांगा.

नामदेवांचा जन्म १२७० चा, आपल्या हिंगोलीजवळच्या नर्सीचा. वडील दामाशेटी, आई गोणाई, घरी शिंपीकाम. औंढा नागनाथला विसोबा खेचर गुरू भेटले. तिथंच कीर्तनाला मज्जाव झाला, नामदेव देवळामागे गेले आणि देऊळच त्यांच्याकडे फिरलं, अशी कथा आहे. नंदी आजही मागच्या बाजूला आहे. सहलीत जरूर दाखवा. पुढे ते पंजाबात घुमानला राहिले. गुरु ग्रंथसाहिबात त्यांची ६१ पदं आहेत.

आता चित्रं बघा. सगळीच नंतरची. आपल्याकडे हाती वीणा, समोर विठ्ठल. दिल्लीच्या राष्ट्रीय संग्रहालयातल्या एका जयपुरी चित्रात मात्र नामदेव कबीर, रैदास आणि पीपाजींसोबत बसलेत! हे तिघंही त्यांच्यानंतरचे, भेट शक्यच नाही. तरी चित्रकाराने एका पंगतीत बसवलं. का बरं? हे उत्तर मुलांनाच शोधू द्या.

वारकरी परंपरेप्रमाणे १३५० मध्ये नामदेवांनी पंढरपुरात समाधी घेतली, महाद्वाराच्या पायरीशी. विठ्ठलाकडे जाणारा आधी तिथं टेकतो.