विश्लेषण : सलीम अलींची नोंदवही ते खुला डेटा… रायगडच्या किनाऱ्यासाठी जुन्या नोंदी का महत्त्वाच्या?

राज्यात दरवर्षी ५ ते १२ नोव्हेंबर या काळात पक्षी सप्ताह साजरा होतो. मारुती चितमपल्ली यांच्या जन्मदिनी सुरू होणारा हा सप्ताह डॉ. सलीम अली यांच्या जयंतीदिनी संपतो. सलीम अली बहुतेकांना माहीत आहेत ते पक्ष्यांवरील पुस्तकांमुळे. मात्र त्यांना नाव मिळवून देणारे पहिले मोठे संशोधन झाले ते आजच्या रायगड जिल्ह्यातील किहीम या किनाऱ्यावरच्या गावात, आणि तेही त्यांची नोकरी गेलेली असताना. पक्षी कुठे, कधी आणि किती दिसले हे नेमकेपणाने लिहून ठेवण्याची सवय त्यांनी आयुष्यभर सांभाळली. आज समुद्रकिनाऱ्याची प्रकृती तपासण्यासाठी जगभर वापरला जाणारा जैवविविधतेचा खुला डेटा याच सवयीवर उभा आहे.

पहिली नोंद कोणती?

सलीम अली यांचा जन्म १२ नोव्हेंबर १८९६ रोजी मुंबईत झाला. आई-वडिलांचे छत्र लहानपणीच हरपल्याने मामा अमीरुद्दीन तय्यबजी आणि मामी हमीदा बेगम यांनी त्यांना खेतवाडीतील घरी वाढवले. छऱ्याची बंदूक हाती आली तेव्हा सलीम जेमतेम दहा वर्षांचे होते. घरट्याची राखण करणारा चिमणा त्यांनी टिपला. काही वेळाने मादीने दुसरा नर आणला. तोही टिपला. सात दिवसांत असे आठ नर मारल्याचे त्यांनी वहीत लिहून ठेवले. तेव्हा त्यात नेमबाजीची बढाई होती. पुढे तीच नोंद चिमण्यांच्या वर्तनाचा पुरावा म्हणून पाहिली गेली. एका हेतूने लिहिलेली नोंद वेगळ्याच प्रश्नाचे उत्तर देऊ शकते, ती अशी.

पुढे त्यांनी पाडलेल्या एका चिमणीच्या गळ्यावर पिवळा ठिपका होता. ती ओळखता न आल्याने मामांनी त्यांना बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटीत, म्हणजे बीएनएचएसमध्ये पाठवले. तेथील मानद सचिव डब्ल्यू. एस. मिलार्ड यांनी पक्ष्याची ओळख पटवली आणि संस्थेचा पेंढा भरलेल्या पक्ष्यांचा संग्रहही दाखवला. प्रत्येक नमुन्यासोबत कुठे, कधी आणि कोणी गोळा केला, हे सांगणारी चिठ्ठी बांधण्याची संग्रहालयांची पद्धत असते. ती चिठ्ठी हरवली तर उरतो तो केवळ मेलेला पक्षी.

किहीमला का जावे लागले?

सलीम अली यांच्याकडे विद्यापीठाची पदवी नव्हती. कुटुंबाच्या लाकूड आणि खाणव्यवसायासाठी ते ब्रह्मदेशात गेले, पण तो धंदा चालला नाही. पदवीअभावी भारतीय प्राणी सर्वेक्षण संस्थेतील पदही हुकले. १९२६ मध्ये मुंबईच्या प्रिन्स ऑफ वेल्स संग्रहालयात मार्गदर्शक व्याख्याता म्हणून नोकरी मिळाली. तेथून रजा घेऊन ते बर्लिनला एर्विन स्ट्रेसमान यांच्याकडे शिकायला गेले. हेलिगोलंड बेटावरील केंद्रात त्यांनी पक्ष्यांच्या पायात कडी घालण्याचे तंत्रही पाहिले. १९३० मध्ये परतल्यावर कळले, की निधीअभावी त्यांचे पदच रद्द झाले आहे.

मुंबईत बिनपगारी राहणे परवडणारे नव्हते. सलीम आणि पत्नी तेहमिना अलिबागच्या उत्तरेला असलेल्या किहीमला राहायला गेले. तेव्हा या जिल्ह्याचे नाव कुलाबा होते. १९८१ मध्ये ते रायगड झाले.

सुगरणीने काय शिकवले?

किहीमच्या पावसाळ्यात त्यांनी सुगरणींच्या वसाहतीचे दिवसेंदिवस निरीक्षण केले. मराठीत सुगरण हे नाव स्त्रीलिंगी असले, तरी घरटे विणतो नर. तो अर्धवट विणलेले घरटे मादीसमोर मांडतो. मादीला पसंत पडले तर ती ताबा घेते, मग नर ते पूर्ण करतो. त्यानंतर तो दुसरे घरटे विणायला घेतो आणि दुसऱ्या मादीला बोलावतो. एका हंगामात तो अशी अनेक घरटी आणि अनेक जोडीदार जोडतो. हा उलगडा १९३१ मध्ये बीएनएचएसच्या नियतकालिकात प्रसिद्ध झाला आणि पक्षीशास्त्रज्ञ म्हणून सलीम अली यांचे नाव झाले. यासाठी प्रयोगशाळा लागली नाही. वेळ, संयम आणि रोजची तारीखवार नोंद एवढ्यावर काम झाले.

त्यानंतर हैदराबाद आणि त्रावणकोर-कोचीनसह अनेक संस्थानांची पक्षी सर्वेक्षणे त्यांनी केली. या भटकंतीत तेहमिना यांची साथ मोलाची होती. १९३९ मध्ये एका शस्त्रक्रियेनंतर त्यांचे निधन झाले. सलीम अली यांनी पुन्हा लग्न केले नाही. १९४१ मध्ये ‘द बुक ऑफ इंडियन बर्ड्स’ आले आणि सामान्य वाचकही पक्षी ओळखू लागला. ज्याला पक्षी ओळखता येतो, तोच नोंद करू शकतो. त्या दृष्टीने या पुस्तकाने देशात नोंदकर्त्यांची फौज तयार केली. पुढे डिलन रिप्ली यांच्यासोबत त्यांनी उपखंडातील पक्ष्यांवर दहा खंडांचा ग्रंथ सिद्ध केला.

पायातल्या कड्यांनी काय साधले?

१९५७ मध्ये कर्नाटकात क्यासनूर जंगल तापाची साथ आली. त्याचा विषाणू रशियातील एका विषाणूच्या जवळचा असल्याने तो स्थलांतरित पक्ष्यांमार्फत आला का, असा प्रश्न पुढे आला. जागतिक आरोग्य संघटनेच्या मदतीने १९५९ पासून सलीम अली यांच्या नेतृत्वाखाली बीएनएचएसने पक्ष्यांना कडी घालण्याचा मोठा प्रकल्प हाती घेतला. पक्ष्यांनी रोग आणल्याचे काही सिद्ध झाले नाही. पण भारतात येणारे पक्षी कुठून येतात आणि कुठे उतरतात, याची मोठी माहिती जमा झाली. इथेही एका प्रश्नासाठी केलेल्या नोंदींनी दुसऱ्याच प्रश्नाचे उत्तर दिले.

खुला डेटा म्हणजे नेमके काय?

२००१ मध्ये सुरू झालेले जीबीआयएफ हे जगभरातील सजीवांच्या नोंदी एकत्र करून सर्वांना मोफत देणारे जाळे आहे. समुद्री जीवांसाठी असेच काम ओबीआयएस करते. ते युनेस्कोच्या महासागर आयोगाच्या अखत्यारीत आहे आणि त्याचे भारतीय केंद्र कोचीत आहे. पक्षीनिरीक्षक मोबाइलवरून ई-बर्डवर याद्या भरतात. त्या पुढे जीबीआयएफलाही मिळतात. प्रत्येक नोंदीचा गाभा तोच : प्रजाती, तारीख, ठिकाण आणि शक्यतो संख्या.

ठिकाणासाठी अक्षांश-रेखांश लागतात, कारण नावे बदलतात. जुन्या नोंदीतला कुलाबा जिल्हा आज रायगड आहे, आणि कुलाबा म्हटले की आता मुंबईचा भाग आठवतो. प्रजातींची नावेही बदलतात. सलीम अलींच्या त्या पीतकंठी चिमणीचे शास्त्रीय नाव नंतर बदलले. त्यामुळे जुनी आणि नवी नावे एकमेकांशी जोडण्याचे कामही या प्रणालींना करावे लागते.

यावरून किनाऱ्याची प्रकृती कशी कळते?

ओहोटीला उघड्या पडणाऱ्या चिखलात किडे, शिंपले आणि लहान खेकडे असतात. तुतवार, चिखले, कोरल, रोहित असे पक्षी त्यावर किंवा तेथील सूक्ष्म जीवांवर जगतात. त्यामुळे त्यांची संख्या हा चिखलाच्या आरोग्याचा अप्रत्यक्ष मापदंड ठरतो. मात्र नुसत्या नोंदी मोजून चालत नाही. समजा, एका खाडीत पूर्वी १० याद्यांपैकी ८ मध्ये एखादा पक्षी होता आणि आता १,००० पैकी २०० मध्ये आहे. नोंदी ८ वरून २०० झाल्या, पण प्रमाण ८० टक्क्यांवरून २० टक्क्यांवर आले. म्हणून अभ्यासक यादीत पक्षी आढळण्याचे प्रमाण पाहतात.

याच पद्धतीने २०२३ च्या ‘स्टेट ऑफ इंडियाज बर्ड्स’ अहवालात सुमारे ३० हजार पक्षीनिरीक्षकांच्या ३ कोटींहून अधिक नोंदी तपासल्या गेल्या. ९४२ प्रजातींपैकी दीर्घकालीन कल सांगता आला तो केवळ ३३८ प्रजातींचा. त्यांतील ६० टक्के प्रजाती घटल्याचे दिसले. उरलेल्या प्रजातींबाबत निष्कर्ष काढण्याइतक्या जुन्या नोंदीच नव्हत्या.

रायगडमध्ये यावर काय अवलंबून आहे?

न्हावा-शेवा बंदर १९८९ मध्ये सुरू झाले. त्यानंतर उरण-पनवेल पट्टा झपाट्याने बदलला. पाणजेसारख्या पाणथळींचे वाद न्यायालयांपर्यंत गेले आहेत. अशा वादात इथे पूर्वी काय होते, हा पहिला प्रश्न असतो. तारीख आणि ठिकाणासह नोंद असेल तर उत्तर देता येते. नसेल तर जे होते ते नव्हतेच, असा दावा खोडणे कठीण जाते.

खुल्या डेटाला मर्यादाही आहेत. नोंदी जास्त येतात त्या रस्त्यालगतच्या, शहराजवळच्या आणि सुट्टीच्या दिवशीच्या. एखाद्या खाडीची नोंद नाही याचा अर्थ तिथे पक्षी नाहीत असा होत नाही, कदाचित तिथे कोणी गेलेच नसेल. शिवाय स्थलांतरित पक्षी कमी झाले तर दोष इथल्या चिखलाचा की उत्तरेकडील वीणस्थळाचा, हे केवळ यादीवरून ठरत नाही. त्यासाठी पाणी, गाळ आणि मासळीची माहितीही जोडावी लागते.

सलीम अली यांचे १९८७ मध्ये वयाच्या नव्वदीत मुंबईत निधन झाले. भारतीय उपखंडात आशियाई पाणपक्षी गणनेला सुरुवात झाली तीही त्याच वर्षी. दर जानेवारीत ही गणना होते. त्यात स्वयंसेवक पाणथळींवर जाऊन पक्षी मोजतात आणि आकडे सर्वांसाठी खुले होतात. किहीममधील सुगरणीचा अभ्यास आज शोधून वाचता येतो, कारण तो लिहिला गेला आणि प्रसिद्ध झाला. त्याच काळात मांडवा, रेवदंडा किंवा श्रीवर्धनच्या खाडीत कोणी पाहिलेले पण न लिहिलेले थवे मात्र आता कोणत्याही संगणकाला शोधून देता येणार नाहीत.