दादासाहेब फाळके आणि कच्ची फिल्म: रोल पुढे मिळतील का?

फोनमधला फोटो हलला तर आपण लगेच दुसरा काढतो. खर्च शून्य. फिल्म कॅमेऱ्यात तसं नसतं, प्रत्येक क्लिकला थोडी फिल्म संपते. तरी आमच्या चंद्रपूर-गडचिरोलीकडची बरीच पोरं हल्ली मला विचारतात, घरातला जुना कॅमेरा बाहेर काढू का, रोल मिळत राहतील ना? उत्तर द्यायला मला दादासाहेब फाळके आठवतात.

धुंडिराज गोविंद फाळके यांचा जन्म ३० एप्रिल १८७० ला त्र्यंबकेश्वरचा. मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत आणि बडोद्याच्या कलाभवनात ते शिकले, फोटोग्राफीही शिकले. गोध्र्याला स्टुडिओ टाकला, पण प्लेगमध्ये पहिली पत्नी आणि मूल गेलं, ते गाव सुटलं. पुढे छपाईच्या धंद्यात शिरले, १९०९ मध्ये नवं तंत्र शिकायला जर्मनीला जाऊन आले. १९११ मध्ये येशूच्या जीवनावरचा चित्रपट पाहिला आणि आपणही चित्रपट काढायचा हे डोक्यात पक्कं बसलं.

विमा पॉलिसी गहाण ठेवून १९१२ च्या फेब्रुवारीत ते लंडनला निघाले. तिथे विल्यमसन कॅमेरा घेतला. पण नुसत्या कॅमेऱ्याने काय होणार? कोडॅकची कच्ची फिल्म आणि तिला छिद्रं पाडायचं यंत्रही मागवलं, कारण ती फिल्म कडेच्या छिद्रांशिवाय यायची.

आता जरा गणित करू. १ फूट फिल्ममध्ये १६ फ्रेम, प्रत्येक फ्रेमला दोन्ही कडांना ४-४ छिद्रं, म्हणजे फुटाला १२८. ‘राजा हरिश्चंद्र’ सुमारे ३,७०० फुटांचा. तेवढीच फिल्म धरली तरी पावणेपाच लाखांच्या आसपास छिद्रं! हे काम अंधाऱ्या खोलीत व्हायचं आणि ते सरस्वतीबाई फाळके करायच्या. फिल्म धुवायलाही त्या शिकल्या. दिवसभर युनिटचा स्वयंपाक सांभाळून.

पैसे उभे करायला दादासाहेबांनी आधी वाटाण्याचं रोप वाढताना ठरावीक वेळाने टिपलं. आजचा टाइमलॅप्सच तो! मग ३ मे १९१३ ला मुंबईत ‘राजा हरिश्चंद्र’ लागला.

माझ्या मते खरी गोष्ट इथे आहे. छिद्रं पाडणं, धुणं, प्रिंट काढणं, सगळं फाळक्यांनी घरात आणलं. कच्ची फिल्म मात्र शेवटपर्यंत परदेशातूनच यायची. कॅमेरा एकदा घ्यायचा, फिल्म दर वेळी.

पुढे १९६० मध्ये सरकारने उटीला हिंदुस्तान फोटो फिल्म्स ही कंपनी काढली. तिची ‘इंदू’ फिल्म देशभर खपली. आमच्या घरी मार्कंड्याच्या जत्रेत काढलेला आजीचा कृष्णधवल फोटो आहे, तो याच काळातला. डिजिटल आलं आणि तो कारखाना बंद पडला. २०१२ मध्ये कोडॅकनेही दिवाळखोरीचा अर्ज केला. पण ती सावरली, आजही फिल्म बनवते. इंग्लंडमध्ये इल्फर्डची कृष्णधवल फिल्म बनते. भारतात सध्या बाहेरून येते तीच, म्हणून महाग.

केमिकल्सचं तेवढं अवघड नाही. कृष्णधवल रोल तर इन्स्टंट कॉफी, धुण्याचा सोडा आणि व्हिटॅमिन सी यांच्या द्रावणातही धुता येतो. फक्त द्रावण साधारण २० अंशांवर हवं. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५ च्या पुढे जातो, तेव्हा नळाचं पाणी चालणार नाही, बर्फात बाटली ठेवा. गरम पाण्यात फिल्मवरचा जिलेटिनचा थर मऊ पडतो, ओरखडे येतात.

फिल्म मात्र घरी बनत नाही. चांदीच्या क्षारांचा एकसारखा पातळ थर काळोखात द्यायला कारखानाच लागतो. म्हणून रोलचं भविष्य कॅमेऱ्यांच्या संख्येवर नाही, दर महिन्याला किती जण रोल विकत घेतात यावर आहे.

फाळके १६ फेब्रुवारी १९४४ ला नाशिकला गेले. तेव्हा हाताशी फारसा पैसा नव्हता. त्यांच्या पहिल्या चित्रपटाचाही आज काहीच भाग उरलाय.

तर कॅमेरा बाहेर काढा. कृष्णधवल रोलने सुरुवात करा, चार मित्र मिळून एकत्र मागवा म्हणजे कुरियर परवडेल. आणि धुवायचं स्वतः शिका.